आईच्या बोलण्यातले ‘मी’ मोजावेत का?

एका वाचक भगिनीचे पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

“मी 37 वर्षांची आहे. पुण्यात एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी करते. दीड वर्षापूर्वी माझे वडील गेले. आई 64 वर्षांची आहे आणि कोल्हापूरजवळच्या गावी आमच्या घरात एकटीच राहते, कारण तिला घर सोडायचे नाही. रोज रात्री साडेआठला तिचा फोन येतो. सगळे बोलणे स्वतःविषयीच असते. ‘मी मुगाची आमटी केली, मी एकटीच जेवले, मला रात्री झोप लागत नाही, माझं आता कोण बघणार.’ मागच्या महिन्यात माझ्या मुलाला ताप आला होता. मी सांगायला लागले, तर आई म्हणाली, ‘मला पण कालपासून कणकण वाटतेय’, आणि विषय पुन्हा तिच्याकडेच गेला. (दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला तिचा फोन आला, ताप उतरला का म्हणून. मी झोपेत होते, जरा चिडलेच.) माझा मोठा भाऊ अमेरिकेत असतो. त्याने एक व्हिडिओ पाठवला आहे. सतत ‘मी, मी’ करणारी माणसे नार्सिसिस्ट असतात आणि अशा आईवडिलांशी संपर्क तोडणे हाच उपाय आहे, असे त्यात सांगितले आहे. दादा म्हणतो, आई तशीच आहे. मी आईला न सांगता तीन फोन रेकॉर्ड केले आणि मोजले. एका वीस मिनिटांच्या फोनमध्ये मी, मला, माझं असे सगळे मिळून 112 वेळा आले. आई खरेच नार्सिसिस्ट आहे का? फोन कमी करावा का? बाबा असताना ती अशी नव्हती, की मलाच कधी दिसले नाही?”

स. न. वि. वि.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. एखादी व्यक्ती नार्सिसिस्ट आहे की नाही, हे तिच्या बोलण्यातले ‘मी’ मोजून कळत नाही. हे केवळ माझे मत नाही. नेमका हाच प्रश्न संशोधकांनी जवळजवळ पाच हजार माणसांवर तपासून पाहिला आहे. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण तुम्ही आकड्यांत वावरणाऱ्या आहात आणि ‘काळजी करू नका, सगळे ठीक होईल’ एवढ्यावर तुमचे समाधान होईल असे मला वाटत नाही.

आधी शब्दाबद्दल. नार्सिसिझमला मराठी ग्रंथांतून आत्मरती म्हटलेले आढळते. (काही जण स्वमग्नता म्हणतात, पण तो शब्द ऑटिझमसाठी रूढ झाला आहे आणि त्या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही.) आपण खास आहोत, आपल्याला विशेष वागणूक मिळालीच पाहिजे, लोकांनी आपले कौतुक करावे, ही वृत्ती थोड्याफार प्रमाणात प्रत्येकात असते, कोणात कमी तर कोणात जास्त. संशोधक प्रश्नावल्यांनी मोजतात ती ही वृत्ती. नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्वविकार ही त्याहून वेगळी आणि फार गंभीर बाब आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत तो 1980 साली समाविष्ट झाला. आजच्या आवृत्तीत त्याचे नऊ निकष दिलेले आहेत आणि निदानासाठी त्यांपैकी किमान पाच लागू व्हावे लागतात. त्याहून महत्त्वाची अट अशी की, हे वागणे तारुण्याच्या सुरुवातीपासून चालत आलेले असावे आणि घरी, कामावर, नात्यागोत्यात, सगळीकडे दिसावे. बासष्ट वर्षांपर्यंत ज्या बाईत असे काही कोणाला जाणवले नाही, तिला नवरा गेल्यानंतरच्या दीड वर्षात हा विकार जडला, असे त्या चौकटीत बसत नाही. तेव्हा तुमच्या शेवटच्या प्रश्नाला पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मानून मी पुढे जाणार आहे.

व्हिडिओतला दावा मात्र हवेतून आलेला नाही, त्याला एक इतिहास आहे. 1988 साली रॉबर्ट रास्किन आणि रॉबर्ट शॉ या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी 48 विद्यार्थ्यांना साधारण पाच मिनिटे हव्या त्या विषयावर बोलायला लावले, त्यांच्याकडून नार्सिसिझमची प्रश्नावली भरून घेतली आणि बोलण्यातली सर्वनामे मोजली. ज्यांना प्रश्नावलीत जास्त गुण होते, त्यांच्या बोलण्यात ‘मी’ जास्त आणि ‘आम्ही’ कमी आढळले. हा निष्कर्ष इतका सहज पटणारा होता की, पुढे कित्येक वर्षे तो पुन्हा नीट तपासून पाहावा असे फारसे कोणाला वाटले नाही. आपल्याला तर तो पटणारच. मराठीत गर्वाला चक्क ‘मीपणा’ म्हणतात, संतांनी शतकानुशतके त्याला झोडपले आहे, आणि आपले विद्वान आजही ‘मी’ लिहायचे टाळून ‘प्रस्तुत लेखक’ लिहितात. कानाला ‘मी’ खटकतो आणि खटकला की तो मोजला न जाताच पुष्कळ वाटू लागतो. 2009 मध्ये अमेरिकेतल्या काही स्तंभलेखकांनी बराक ओबामा यांच्यावर ‘भाषणात सारखे मी, मी करतात’ असा आरोप केला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन यांनी पत्रकार परिषदांची टिपणे घेऊन प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा ओबामांचे प्रमाण त्यांच्या आधीच्या दोन राष्ट्राध्यक्षांपेक्षा कमी निघाले. ज्याच्याविषयी मनात आधीच अढी असते, त्याचे ‘मी’ आपल्याला जास्त ऐकू येतात.

रास्किन आणि शॉ यांच्या निष्कर्षाची खरी परीक्षा 2015 साली झाली. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या अँजेला केरी, मथायस मेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच प्रयोगशाळांमधली सामग्री एकत्र केली. एकूण 4,811 माणसे, इंग्रजी आणि जर्मन या दोन भाषा, नार्सिसिझम मोजण्याच्या पाच वेगवेगळ्या पद्धती, आणि बोलण्या-लिहिण्याचे नाना प्रसंग त्यात होते. स्वतःची ओळख करून देणे, खासगी गोष्टी सांगणे, त्रयस्थ विषयावर लिहिणे, मनात येईल ते लिहीत जाणे, असे सगळे. नार्सिसिझम आणि ‘मी’चा वापर यांतला सहसंबंध निघाला 0.02. तुम्हाला हा आकडा वाचता येईल, तरीही स्पष्ट करते: हा आकडा 1 असता तर दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात असे म्हणता आले असते, 0 असता तर एकीचा दुसरीशी संबंध नाही, आणि 0.02 म्हणजे व्यवहारात शून्यच. मी, मला, माझे अशी रूपे वेगवेगळी काढून पाहिली, तरीही फरक पडला नाही. म्हणजे ज्या खुणेवरून दादाने निदान केले, ती खूण एवढ्या मोठ्या सामग्रीतही सापडत नाही.

याच गटातल्या संशोधकांनी 2019 साली निकोलस होल्ट्झमन यांच्या पुढाकाराने उलट बाजूने शोध घेतला. ‘मी’ नाही, तर मग कोणते शब्द? नार्सिसिझमचे गुण जास्त असलेल्यांच्या भाषेत खेळांविषयीचे शब्द, शिव्या आणि समोरच्याला उद्देशून येणारे ‘तू, तुम्ही’ जरा जास्त आढळले. चिंता आणि भीतीचे शब्द, तसेच ‘कदाचित, बहुधा’ यांसारखे अडखळते शब्द जरा कमी आढळले. हे सगळे संबंधही अगदी बारीक आहेत आणि त्यांवरून एका माणसाविषयी काहीही ठरवता येणार नाही. पण दिशा पाहा. तुमच्या आईंची जी चार वाक्ये तुम्ही लिहिली आहेत, त्यांत ‘तू’ एकदाही नाही आणि काळजी मात्र ओतप्रोत आहे. व्हिडिओ करणाऱ्याने हा अभ्यास वाचला असता, तर त्याला वेगळा व्हिडिओ करावा लागला असता.

आता तुमच्या 112 या आकड्याकडे येते. तुम्ही हिशेबातल्या आहात म्हणून विचारते: हा आकडा कशापैकी आहे? खर्चाचा आकडा उलाढालीशिवाय तुम्ही कधी वाचत नाही. वीस मिनिटांपैकी पंधरा मिनिटे आई बोलल्या आणि मिनिटाला शंभर शब्द बोलल्या असे धरले, तर ते सुमारे 1,500 शब्द होतात, म्हणजे शंभरात साडेसात. शब्दमोजणीसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या संगणक प्रणालीच्या 2015 च्या आवृत्तीसोबत जी तुलनेची कोष्टके दिलेली आहेत, त्यांत इंग्रजीतल्या नैसर्गिक बोलण्यात प्रथमपुरुषी एकवचनी सर्वनामांचे प्रमाण शंभरात सुमारे सात आहे. मराठीची इंग्रजीशी अशी थेट तुलना करू नये, ते मी पुढे सांगतेच; पण ‘112’ वाचून जो धक्का तुम्हाला बसला, तो भाजक न लिहिल्यामुळे बसलेला आहे. सहज म्हणून मी तुमचे मूळ पत्र घेऊन बसले. तुमच्याही पत्रात ‘मी’ आणि त्याच्या रूपांची कमतरता नाही, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण पत्र तुमच्या अडचणीबद्दल आहे.

मराठीची गोष्ट जरा निराळी का आहे, ते आईंच्याच वाक्यांवरून पाहू. ‘एकटीच जेवले’ असे म्हटले तरी ‘मी’ त्यात आलाच, कारण ‘जेवले’ या रूपावरूनच बोलणारी बाई स्वतःविषयी बोलते आहे हे कळते. दुसरी कोणी असती तर ‘जेवली’ झाले असते. ‘उद्या जाईन’ यातही तसेच. पण ‘आमटी केली’ यातली ‘केली’ आमटीप्रमाणे चालते, करणारीप्रमाणे नाही. तिथे ‘मी’ म्हटल्याशिवाय कोणी केली ते वाक्यातून कळत नाही. ‘सकाळी फिरायला जाते’ हेही मीही असू शकते आणि शेजारीणही. तेव्हा काल काय काय केले हे सांगणाऱ्या बाईच्या तोंडी ‘मी’ जास्त येणार आणि उद्या काय करीन हे सांगणारीच्या तोंडी कमी, यात स्वभावाचा काही भाग नाही. त्यातही ‘मला’ हे एक वेगळेच प्रकरण आहे. झोप लागत नाही, भूक नाही, भीती वाटते, आठवण येते, बरे वाटत नाही, ही सगळी मराठीत माणसाने केलेली कृत्ये नाहीत. ती माणसावर येतात, आणि ज्याच्यावर येतात तो ‘मला’ होतो. शरीराविषयी आणि दुःखाविषयी बोलायचे झाले, तर मराठीत ‘मला’ टाळणे जवळजवळ अशक्य आहे. 2015 चा अभ्यास फक्त इंग्रजी आणि जर्मन बोलणाऱ्यांचा होता, ज्या भाषांत कर्ता सहसा बोलूनच दाखवावा लागतो. मराठीत किती ‘मी’ म्हणजे जास्त, याचे माप दादाच्या व्हिडिओकडे असण्याचे काहीच कारण नाही.

आणि आता ते, जे तुमचे पत्र वाचताना मला सगळ्यात आधी दिसले आणि जे कोणत्याही संशोधनाचा हवाला देऊन मी सांगत नाही, निव्वळ माझे निरीक्षण म्हणून सांगते. तुमच्या आईंच्या पिढीतल्या बायका घरच्या गोष्टी कशा सांगतात, ते आठवून पाहा. ‘ह्यांना आवडत नाही, म्हणून आम्ही कारलं करत नाही.’ ‘आम्ही आठ वाजताच जेवून घेतो.’ ‘आम्हाला कुठे एवढं लागतं.’ इंग्रजीत एकच ‘वी’ असतो. मराठीत समोरच्याला धरून ‘आपण’ आणि समोरच्याला वगळून ‘आम्ही’. आईंच्या त्या ‘आम्ही’त तुम्ही दोघे भाऊबहीण कधी नव्हता, मोठे होऊन शहरात गेल्यानंतर तर नाहीच. त्यात त्या आणि तुमचे वडील, दोघेच होते. वडील गेले तेव्हा घरातले एक माणूस तर गेलेच, पण त्यांच्याबरोबर आईंचे ते सर्वनामही गेले. ‘आम्ही जेवलो’ म्हणणे आता त्यांना शक्य नाही. आमटी तीच, वेळ तीच, वाक्यही तेच, फक्त कर्ता एकवचनी झाला. तुम्ही विचारले आहे की, बाबा असताना ती अशी नव्हती का. बाबा असताना यातले कितीतरी ‘मी’ ‘आम्ही’ होते आणि म्हणून ते तुम्हाला खटकले नव्हते. जुने आवाजी संदेश फोनमध्ये असतील तर ऐकून पाहा. मोजू नका, फक्त ऐका.

मानसशास्त्रात ‘मी’चा थोडाफार संबंध ज्या गोष्टीशी सापडतो, ती गोष्ट आहे नैराश्य. अ‍ॅलिसन टॅकमन आणि सहकाऱ्यांनी 2019 साली सहा प्रयोगशाळांमधल्या 4,754 माणसांची सामग्री अशीच एकत्र केली. नैराश्याची लक्षणे आणि ‘मी’चा वापर यांतला सहसंबंध 0.10 निघाला. लहान, पण ठामपणे शून्याच्या वर. विशेष म्हणजे तो ‘मी’ आणि ‘मला’ या प्रकारच्या रूपांत दिसला, ‘माझे’ या मालकीच्या रूपात नाही; आणि त्रयस्थ विषयावर लिहिताना नाहीसा झाला. पुढे खोलात गेल्यावर असे आढळले की, यात नैराश्यापेक्षाही चिंता, उदासी, अस्वस्थता अशा सर्वसाधारण मानसिक त्रासाचा भाग मोठा आहे. ज्याला दुखते आहे त्याचे लक्ष दुखऱ्या जागेवर जाते, आणि माणसाच्या बाबतीत ती जागा म्हणजे तो स्वतः. दात दुखत असताना आपण दुसरा काही विचार किती वेळ करू शकतो?

तरीही एक शिक्का काढून दुसरा मारू नका. 0.10 हा आकडाही एका व्यक्तीविषयी काही ठरवण्याइतका मोठा नाही, आणि ‘मी’ मोजून आईंना नैराश्य आहे असे म्हणणे हे दादाने केले त्याच जातीचे होईल. मला काळजी वाटते ती 112 मुळे नव्हे, तर त्या चार वाक्यांतल्या एका वाक्यामुळे: ‘मला रात्री झोप लागत नाही.’ यात किती ‘मी’ आहेत हे बाजूला ठेवा आणि वाक्य काय सांगते ते ऐका. किती दिवसांपासून झोप नाही? जेवण कमी झाले आहे का? वजन उतरले आहे का? गावातल्या हळदीकुंकवाला, देवळात, शेजारी जाणे सुरू आहे की बंद झाले? (विधवा झाल्यावर हळदीकुंकवाची आमंत्रणे थांबतात, हाही एकटेपणाचा एक भाग आहे आणि त्याविषयी त्या तुमच्याशी कधी बोलणार नाहीत.) जगण्यात अर्थ वाटत नाही अशा प्रकारचे काही बोलतात का? शोक दीर्घकाळ तितकाच तीव्र राहिला आणि रोजचे जगणे अडले, तर त्याला आता स्वतंत्र निदान आहे. अमेरिकन निदानपुस्तिकेच्या 2022 च्या सुधारित आवृत्तीत प्रौढांसाठी त्याची मुदत किमान एक वर्षाची आहे. तुम्हाला दीड वर्ष झाले आहे. मी निदान करत नाही, पण तपासणी करून घ्यायची वेळ झाली आहे, असे स्पष्ट सांगते.

तापाच्या प्रसंगाविषयी. तुमचे मन दुखावले, ते रास्तच आहे. चार्ल्स डर्बर या समाजशास्त्रज्ञांनी 1979 साली संभाषणातल्या प्रतिसादांचे दोन प्रकार सांगितले होते: बोलणाऱ्याला पुढे बोलते करणारा आणि विषय स्वतःकडे वळवणारा. ‘किती आहे ताप, डॉक्टरांना दाखवलंस का’ हा पहिला, ‘मला पण कणकण वाटतेय’ हा दुसरा. दुसऱ्या प्रकारचे प्रतिसाद सतत देणारा माणूस थकवतो, यात शंका नाही. आणि खरे सांगायचे तर सर्वनामांपेक्षा ही खूण कितीतरी अधिक बोलकी आहे. पण ती एका वाक्यावरून वाचता येत नाही. विषय स्वतःकडे ओढून नेणारी व्यक्ती नंतर तुमच्याकडे परत येते का, हे पाहावे लागते. तुमच्या पत्रात याचे उत्तर आहे, आणि ते तुम्ही कंसात टाकले आहे. सकाळी सव्वासहा. ज्या बाईला रात्री झोप नाही, तिने रात्रभर नातवाचा ताप मनात धरला आणि तुम्ही उठण्याची वेळ होण्याआधीच फोन लावला. संपूर्ण पत्रात तुम्ही आईंविषयी लिहिलेल्या सगळ्या वाक्यांत माझ्या दृष्टीने सर्वांत जड पुरावा हाच आहे, आणि तो मोजणीतून सुटला, कारण ‘ताप उतरला का?’ या वाक्यात ‘मी’ नाही.

दुसरी शक्यताही सांगून ठेवते, कारण मी तुमचे घर पाहिलेले नाही. लहानपणापासून आईंनी तुम्हाला चारचौघांत कमी लेखले असेल, तुमच्या यशाचा राग धरला असेल, तुमच्या दुखण्याला कधीच किंमत दिली नसेल, स्वतःच्या सोयीसाठी तुम्हाला वापरले असेल, आणि हे सगळे तुम्हाला आता कुठे शब्दांत मांडता येत असेल, तर गोष्ट वेगळी आहे आणि तसे मला मोकळेपणाने लिहा. दादाच्या आठवणी तुमच्यापेक्षा वेगळ्या असू शकतात; थोरल्याच्या वाट्याला आलेली आई आणि धाकटीच्या वाट्याला आलेली आई एकच असतेच असे नाही. त्याला ‘तू चुकतोस’ म्हणण्याआधी ‘तुला काय आठवतं?’ असे विचारा. मात्र फोनची वेळ आखून घ्यायची असेल, तर त्यासाठी आईंना कोणताही विकार असण्याची गरज नाही. दिवसभर नोकरी करून, मुलाचे करून, रात्री साडेआठला तुम्ही थकलेल्या असता, एवढे कारण पुरेसे आहे.

आता करायचे काय ते सांगते. ती तीन रेकॉर्डिंग आजच पुसून टाका. ज्या मथायस मेल यांचा उल्लेख वर आला, त्यांनी माणसांचे रोजचे बोलणे टिपणारे एक उपकरण तयार केले. ते दिवसभरात अधूनमधून काही सेकंदांचे तुकडे तेवढे टिपते, ते लावणाऱ्याला याची पूर्ण कल्पना असते, आणि संशोधकांनी ऐकण्याआधी त्याला नको ते तुकडे पुसून टाकण्याची मुभा असते. अनोळखी माणसांच्या बाबतीत संशोधक एवढे पथ्य पाळतात. आईंना हे कधी कळले, तर त्या फोनवर बोलायच्या थांबतील, आणि आज त्यांच्याकडे बोलायला ती एकच जागा उरलेली दिसते.

येत्या पंधरवड्यात दोन दिवसांची रजा टाकून गावी जा आणि त्यांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. ‘मानसोपचार’ हा शब्द सुरुवातीला काढू नका; ‘झोपेसाठी दाखवू’ एवढे पुरे, आणि ते खोटेही नाही. झोप, भूक आणि उदासी यांमागे थायरॉइडसारखी शारीरिक कारणेही असू शकतात, तेव्हा रक्त तपासून घेणे योग्यच. डॉक्टरांना मात्र सगळे सांगा, वडिलांच्या जाण्यासकट, आणि त्यांनी मनोविकारतज्ज्ञांचे नाव सुचवले तर टाळू नका. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सोय जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयातून मिळते. शासनाची टेली मानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर विनाशुल्क मराठीत बोलता येते. आईंच्या तोंडी जगणे नको झाल्याची भाषा आली, तर पंधरवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी हालचाल करा आणि त्यांना एकटे ठेवू नका.

फोनचे असे करून पाहा. रात्री साडेआठऐवजी तुम्हाला सोयीची वेळ ठरवा आणि फोन तुम्ही लावा. एकटे माणूस फोन लावते तेव्हा ‘आपण नको झालो आहोत का’ ही धाकधूक घेऊनच लावते. फोन येतो तेव्हा ती नसते. सुरुवातीलाच सांगा, ‘आई, आधी पाच मिनिटं माझं ऐक, मग तुझं सगळं ऐकते.’ बहुतेक मुली हे कधी म्हणतच नाहीत, मनात मात्र आईने ओळखावे असे धरून बसतात. आणि ‘जेवलीस का’ या प्रश्नाच्या पुढे जा, कारण त्या प्रश्नाचे उत्तर ‘मी एकटीच जेवले’ असेच येणार. बाबा आमटीत काय घालायचे सांगायचे, पहिल्या वर्षी दोघांनी बिऱ्हाड कुठे केले, त्यांना सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा, असे विचारा. मला वाटते, अशा बोलण्यात ‘आम्ही’ आपोआप परत येईल, निदान तेवढ्या वेळापुरता. पहिल्यांदा कदाचित रडतील. रडू द्या, घाईने विषय बदलू नका.

दादाला संशोधनाचे आकडे पाठवण्याची गरज नाही. व्हिडिओला आकड्यांनी उत्तर दिले की भावंडांत वाद होतो आणि आई बाजूला राहते. त्याच्याकडे शनिवारची रात्र असते तेव्हा गावी रविवारची सकाळ असते. त्या वेळी त्याने दर आठवड्याला आईंना फोन करावा, तुमच्याकडून खुशाली विचारून घेऊ नये, एवढेच त्याला सांगा. तो किती वेळा करतो, हे मात्र खुशाल मोजा.